मेलामाइनचे आवरण आणि आतला भुसा : मिरा-भाईंदरमधील घरगुती फर्निचरच्या संदर्भात

१९९१ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर आणि २०११ मध्ये आठ लाख नऊ हजारांवर गेली. वसईची खाडी, मिठागरे आणि एकेकाळची भातशेते यांच्या मधल्या सखल भूमीवर जी घरे या काळात उभी राहिली, ती बहुतांशी लहान आहेत. अशा घरात राहावयास येणाऱ्या कुटुंबाचा घराच्या किमतीनंतरचा पहिला मोठा खर्च म्हणजे फर्निचर होय. ओट्याखालचे कप्पे, भिंतीतील कपाट, पलंग आणि मुलांचे अभ्यासाचे टेबल या चार वस्तूंत पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांची शिल्लक खर्ची पडते. आणि या वस्तू ज्या द्रव्याच्या बनविल्या जातात, ते आता बहुधा साग नसते. ते असते मेलामाइनचे आवरण चढविलेला तक्ता. दुकानदार व सुतार त्यास ‘प्रीलॅम’ म्हणतात.

या वस्तूंविषयीची तक्रार ठराविक असते. तीन-चार पावसाळे उलटले की सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगतो, दार लागेनासे होते, बिजागरीचा स्क्रू भोकातून सैल होऊन बाहेर येतो. “मेलामाइन वॉटरप्रूफ असते असे सांगितले होते, मग हे असे का झाले?” असा गृहस्थाचा प्रश्न असतो. सांगणाऱ्याने असत्य सांगितले होते असे नाही. मेलामाइनच्या पृष्ठभागास पाण्यापासून खरोखरच भय नाही. परंतु त्या कपाटात मेलामाइन आहे तरी किती, हा हिशेब सहसा कोणी करीत नाही. तो येथे प्रथम करून पाहू.

आठ बाय चार फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा तक्ता घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे तीन चौरस मीटर भरते. पार्टिकल बोर्डाची घनता साधारणपणे दर घनमीटरास ६८० किलोग्रॅम धरल्यास तक्त्याचे वजन सुमारे ३६ किलो होते. त्यावर दोन्ही बाजूंनी जो रंगीत अथवा लाकडाच्या रेषा छापलेला कागद असतो, त्याचे वजन दर चौरस मीटरास ८० ग्रॅमच्या आसपास, आणि त्या कागदाने शोषलेल्या रेझीनाचे वजन १०० ते १२० ग्रॅम धरावे. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून संपूर्ण तक्त्यावर रेझीन सुमारे पाऊण किलोहून कमीच असते. शंभर भागांत दोन भागही नाही. शिवाय पुष्कळ कारखान्यांत कागदाची पहिली बुडी स्वस्त अशा यूरिया-रेझीनात आणि फक्त शेवटची बुडी मेलामाइन-रेझीनात देतात. उरलेले सर्व वजन लाकडाच्या कपच्यांचे, भुशाचे आणि त्यांना सांधणाऱ्या निराळ्याच एका सरसाचे असते. तक्त्याला नाव मिळाले ते या दोन टक्क्यांवरून. त्याचे आयुष्य मात्र उरलेल्या भागाच्या गुणधर्मांवर ठरते.

आता या आवरणाविषयी थोडे. मेलामाइन हा पदार्थ यूस्टुस फोन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये प्रथम तयार केला. त्याच्या रेणूत कार्बनचे तीन व नायट्रोजनचे तीन अणू एकाआड एक बसून षट्कोनी कडे बनलेले असते, आणि प्रत्येक कार्बनास एकेक अमिनो गट जोडलेला असतो. जवळजवळ शंभर वर्षे या पदार्थास विशेष उपयोग सापडला नाही. १९३५ च्या सुमारास फॉर्माल्डिहाइडाशी त्याचा संयोग करून रेझीन बनविता येते असे दिसून आले. हे रेझीन तापदृढ आहे. म्हणजे उष्णता व दाब देताच त्याचे रेणू एकमेकांत सर्व दिशांनी गुंफले जातात, आणि एकदा घट्ट झालेले रेझीन पुन्हा तापविले तरी वितळत नाही. ते कठीण, नितळ व रंगहीन असते. हा रंगहीनपणा महत्त्वाचा ठरला. १९१३ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी येथे स्थापन झालेल्या फॉर्मिका कंपनीचे कागदी तक्ते प्रथम विजेच्या यंत्रांत अभ्रकाच्या ऐवजी विद्युत्‌रोधक म्हणून वापरले जात, आणि त्या कंपनीचे नावही ‘अभ्रकाऐवजी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरूनच पडले. त्या तक्त्यांतील फिनॉल-रेझीन काळपट असल्याने त्यावर रंग वा चित्र खुलत नसे. १९३८ मध्ये वरच्या थरास मेलामाइन-रेझीन वापरले जाऊ लागले, आणि विजेच्या कारखान्यातील ही वस्तू घराघरांतील टेबलावर आली. आपल्याकडे रूढ झालेले ‘सनमायका’ हे मूळचे एका मालाचे नाव. त्यातला ‘मायका’ही त्याच वळणाचा दिसतो. अभ्रक त्यात मुळीच नसते.

मेलामाइन हा शब्द २००८ मध्ये चीनमधील दुधाच्या भेसळीमुळे अनेकांच्या कानी पडला व त्याविषयी धास्ती उत्पन्न झाली. तेथे मोकळे मेलामाइन दुधात मिसळले होते. त्यात वजनाच्या दोन-तृतीयांश नायट्रोजन असल्याने दुधात प्रथिने अधिक असल्याचा आभास होतो, हे त्या भेसळीचे कारण. फर्निचरवरील घट्ट झालेल्या रेझीनाशी त्या प्रकरणाची तुलना करण्याचे कारण नाही.

सनमायका आणि प्रीलॅम यांत मात्र भेद केला पाहिजे. सनमायकाच्या पत्र्यात खाली फिनॉल-रेझीनाने भिजविलेल्या जाड तपकिरी कागदाचे अनेक थर, वर छापील कागद व मेलामाइन असते. हे सर्व मोठ्या दाबाखाली, दर चौरस सेंटिमीटरास ७० किलोच्या घरात, बराच वेळ भाजून एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा स्वतंत्र पत्रा बनवितात. सुतार तो पत्रा प्लायवूडवर सरसाने चिकटवितो. प्रीलॅमच्या बाबतीत पत्रा असा नसतोच. रेझीन शोषलेला एकच कागद बोर्डावर ठेवून सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या दाबयंत्रात अर्ध्या मिनिटाच्या आसपास दाबतात. रेझीन पातळ होऊन बोर्डात मुरते व तेथेच घट्ट होते. निराळा सरस लागत नाही, कारागिराचे श्रम वाचतात आणि आवरण पापुद्र्यासारखे सुटत नाही. स्वस्ताईचे रहस्य हेच. परंतु हे आवरण मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून जाड नसते, हेही ध्यानात ठेवावयास हवे. सुरीचा खोल ओरखडा त्यास पुरतो.

आतल्या बोर्डाची घडण पाहिल्याशिवाय फुगण्याचे कारण कळणार नाही. पार्टिकल बोर्डाचे तंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनी व स्वित्झर्लंड येथे आकारास आले. चांगल्या लाकडाचा तुटवडा आणि गिरण्यांत पडून राहणारा चुरा या दोहोंतून ते निघाले. लाकडाच्या कपच्या वाळवून त्यांवर सरस फवारतात, मध्यभागी जाड व दोन्ही पृष्ठांकडे बारीक अशा थरांत त्या पसरतात आणि तापलेल्या दाबयंत्रात चेपतात. कित्येक बोटे उंचीचा तो भुसभुशीत थर दाबून १८ मिलिमीटरांवर आणलेला असतो. म्हणजे प्रत्येक कपची तेथे चेपलेल्या अवस्थेत कोंडलेली असते. तिला धरून ठेवणारा आहे तो सरस. कोरड्या लाकडास पाणी लागले की ते फुगते आणि वाळल्यावर जवळजवळ पूर्ववत होते. या बोर्डास पाणी लागले असता दोन गोष्टी एकदम घडतात. कपच्या लाकडाप्रमाणे फुगतातच. परंतु त्याखेरीज त्यांच्यातील कोंडलेला ताण मोकळा होतो व सरसाचे सांधे तुटतात. नंतर बोर्ड वाळविला तरी ते सांधे पुन्हा जुळत नाहीत. त्यामुळे फुगलेली जाडी बव्हंशी तशीच राहते. समजा ही वाढ शेकडा दहाच झाली, तरी १८ मिलिमीटरांचा तक्ता जवळजवळ २० मिलिमीटरांचा होतो, आणि दोन मिलिमीटरांच्या फटीवर बसविलेले दार अडकावयास तेवढे पुरे.

हा सरस बहुधा यूरिया-फॉर्माल्डिहाइडाचा असतो. तो स्वस्त आहे, लवकर घट्ट होतो व रंगहीन आहे. पण ओलावा व उष्णता यांच्या संयुक्त क्रियेने त्याचे बंध हळूहळू उलगडतात. मेलामाइनाच्या षट्कोनी कड्यामुळे त्याचे बंध या क्रियेस अधिक काळ दाद देत नाहीत. म्हणूनच ओलाव्यास तोंड देणारा बोर्ड बनविताना सरसातही काही प्रमाणात मेलामाइन मिसळतात. असा बोर्ड महाग पडतो. त्याची ओळख पटावी म्हणून आतल्या भुशात हिरवा रंग घालण्याची प्रथा आहे. परंतु रंग हा रंगच असतो, तो घालण्यास मेलामाइन लागत नाही. एमडीएफ या नावाने मिळणाऱ्या बोर्डात कपच्यांऐवजी लाकडाचे तंतू असतात. त्याची कड गुळगुळीत येते, त्यावर नक्षी कोरता येते, परंतु साधा एमडीएफही पाण्याच्या बाबतीत याच जातीचा आहे.

आता हे द्रव्य ज्या हवेत राहावयाचे, तिच्याकडे पाहू. उत्तर कोकणच्या या पट्टीत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांत. त्या काळात हवेची सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून वर असते. हिवाळ्यात ती बरीच खाली येते. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडातील पाण्याचे प्रमाण शेकडा १२ च्या आसपास स्थिरावते, ८५ टक्क्यांच्या हवेत ते १७ वर जाते. बोर्डाचे आकडे थोडे कमी असले तरी चाल तीच. म्हणजे पाण्याचा थेंबही न लागता दरवर्षी बोर्ड एकदा ओल घेतो व एकदा सोडतो. युरोपातील तापविलेल्या कोरड्या घरांसाठी जे द्रव्य प्रथम योजले गेले, त्याच्यावर येथे असा वार्षिक ताण पडतो. खाडीकडे अथवा समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीजवळ आणखी एक गोष्ट घडते. हवेतून येणारे मिठाचे सूक्ष्म कण धातूवर बसतात, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाची बरणी ओलावते, तेच सूक्ष्म प्रमाणात स्क्रूच्या डोक्यावर घडते. स्क्रू गंजतो, गंज आजूबाजूचा भुसा खातो, आणि भोक सैल होते.

परंतु हवेपेक्षा अधिक हानी आपल्या नित्याच्या सवयींनी होते. आपल्याकडे फरशी पाण्याने धुण्याची रीत आहे, ओट्यावरचे पाणी खाली ओघळते, कुकरची वाफ वरच्या कपाटाच्या तळाला लागते, आणि धुतलेली भांडी पुरती निथळण्यापूर्वीच कप्प्यात जातात. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहती स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. ती भांडी गंजत नाहीत हा त्यांचा गुण, पण ओल्या डब्यांचा भार सोसणारा कप्पा ज्याचा केलेला आहे, त्याला तो गुण नाही.

या सर्वांचा मारा तक्त्याच्या पृष्ठावर झाला असता तर चिंता नव्हती. तो होतो कडेवर. तक्ता करवतीने कापला की चारही कडांना आतला भुसा उघडा पडतो. तेथे मेलामाइन नसते. पृष्ठावर कप दिवसभर उपडा पडला तरी काही होत नाही, आणि कडेला ओला पोछा आठवडाभर रोज लागला तर फुगवटा दिसू लागतो, यातील विसंगती एवढ्याने उलगडेल. म्हणून कडेवर पीव्हीसीची पट्टी चिकटवितात. कारखान्यात ती यंत्राने, सुमारे २०० अंशांपर्यंत तापवून पातळ केलेल्या सरसाने बसते व सरस थंड होताच घट्ट होतो. जागेवर काम करणारा सुतार ती हाताने, फेव्हिकॉलसारख्या सरसाने बसवितो. हाताचे काम वाईटच असते असे नाही, पण कड कापताना जर आवरणाच्या कपच्या उडाल्या असतील, तर पट्टी आणि पृष्ठ यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते व पाणी तेथूनच आत जाते. चांगल्या कर्तनयंत्रात मुख्य पात्याच्या पुढे एक लहान पाते असते. ते खालच्या पृष्ठावर आधी बारीक खाच पाडते, त्यामुळे कपच्या उडत नाहीत. पट्टी कोणत्या रंगाची हवी हे गिऱ्हाईक तासभर पाहते. तक्ता कोणत्या यंत्रावर कापला जाईल, हे विचारणारा गिऱ्हाईक प्रस्तुत लेखकास अद्याप भेटावयाचा आहे.

पुष्कळदा दिसणाऱ्या कडांना पट्टी लावतात व भिंतीकडची आणि जमिनीकडची कड उघडी सोडतात. काटकसर नेमकी चुकीच्या जागी होते. कारण ओल येते ती भिंतीतून व जमिनीवरून. सिंकखालून नळ नेण्यासाठी पाडलेले गोल भोक हीसुद्धा एक कडच होय. त्याला पट्टी लावता येत नाही, तेव्हा निदान सिलिकोन भरावयास पाहिजे. दाराच्या आतील बाजूस लपत्या बिजागरीसाठी ३५ मिलिमीटर व्यासाचा खड्डा असतो. १८ मिलिमीटरांच्या तक्त्यात तो १२ मिलिमीटरांच्या आसपास खोल जातो, म्हणजे दाराचा सगळा भार ज्या ठिकाणी तोलला जातो, तेथेच तक्त्याचा बहुतेक गाभा काढून टाकलेला असतो. स्क्रूविषयी असे सांगता येईल की पृष्ठातून आत गेलेला स्क्रू बऱ्यापैकी धरतो, कडेतून गेलेला कमी धरतो, आणि एकदा काढून त्याच भोकात पुन्हा पिळलेला आणखी कमी. लाकडास जो खिळा चालतो, तो येथे चालत नाही. सागवानाचे सांधे करण्यात आयुष्य गेलेल्या सुताराचे कसब या द्रव्यापुढे निरुपयोगी ठरते, आणि त्याची चीड रास्त आहे.

मग हे द्रव्य आले तरी का, असे कोणी विचारील. केवळ नफ्यासाठी, हे उत्तर अपुरे होईल. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडावर चालणाऱ्या उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो स्वतः उभा करावा असे धोरण आखले, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वनांतील वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले. घनदाट वस्तीच्या नव्या नगरांना सागवानी फर्निचर पुरविणे यानंतर शक्यही नव्हते व इष्टही नव्हते. निलगिरी, सुबाभूळ, पॉप्लर, आंबा, रबराची म्हातारी झाडे यांचे लाकूड एरवी सरपणात जाते, त्यापासून सपाट व मोठा तक्ता मिळतो ही लहान गोष्ट नाही. सोलापूर जिल्ह्यात वेळापूर येथे तर उसाच्या चिपाडापासून बोर्ड करण्याचा उद्योग उभा राहिला. लाकडाचे रेषे, गाठी, वाकणे यांपासून हा तक्ता मुक्त आहे. कोरड्या जागी, सावलीत, बेताच्या भाराखाली तो दीर्घकाळ चांगला राहतो. दिवाणखान्यातील शोकेस किंवा शयनगृहातील कपाट यासाठी त्याला नाकारण्याचे कारण दिसत नाही. मात्र वाळवी त्यालाही खाते. रेझीन म्हणजे विष नव्हे.

लहान घरांच्या संदर्भात आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. यूरिया-सरस उलगडतो तेव्हा त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. नवीन कपाट उघडताच डोळे चुरचुरतात, ते यामुळे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हा वायू मानवास कर्करोगकारक असल्याचे निश्चित केले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने खोलीच्या हवेत तो अर्ध्या तासाच्या सरासरीने दर घनमीटरास ०.१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये असे सुचविले आहे. उष्णता व आर्द्रता वाढली की वायू अधिक सुटतो. म्हणजे येथील हवा या बाबतीतही प्रतिकूल. मेलामाइनचे आवरण व कडेची पट्टी वायूला पुष्कळ अडवितात. उघडी कड तेथेही दोषी ठरते. खरेदी करताना ‘ई-१’ या श्रेणीचा बोर्ड मागावा, आणि नवे फर्निचर आल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तान्ह्या मुलाच्या खोलीत ही खबरदारी विशेष घ्यावी.

भारतीय मानकांत साध्या पार्टिकल बोर्डासाठी ३०८७ क्रमांकाचे मानक आहे, ते प्रथम १९६५ मध्ये निघाले. आवरणयुक्त बोर्डासाठी १२८२३ क्रमांकाचे मानक आहे, ते प्रथम १९९० मध्ये निघाले. तक्त्यावर हे क्रमांक व मानक-चिन्ह छापलेले असते. कापून जोडलेल्या कपाटावर ते दिसणार नाही, म्हणून माल कापण्यापूर्वी पाहावयास हवा. ज्यांना स्वतः पारख करावयाची असेल, त्यांनी दुकानातून कापलेला हातभर तुकडा मागून घ्यावा. त्याची जाडी मोजमापाच्या पट्टीपेक्षा व्हर्नियरने चार ठिकाणी मोजावी, दोन तास पाण्यात बुडवून ठेवावा आणि पुन्हा त्याच ठिकाणी मोजावी. पुसून रात्रभर वाळवून तिसऱ्यांदा मोजावी. दुसऱ्या व तिसऱ्या मापात फारसा फरक न पडला, तर जे सरसाचे सांधे तुटले ते तुटलेच असे समजावे. दोन दुकानांतील दोन तुकडे शेजारी ठेवून केलेला हा प्रयोग विक्रेत्याच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याहून अधिक सांगतो.

ओट्याखाली, विशेषतः सिंकखाली, प्रस्तुत लेखकाच्या मते हा तक्ता वापरूच नये. तेथे ७१० क्रमांकाच्या मानकाचे प्लायवूड घ्यावे, ज्याचा सरस ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो, आणि वरून सनमायका लावावा. खर्च वाढतो, पण तो एका कपाटापुरता. इतरत्र प्रीलॅमच घ्यावयाचा असेल, तर कपाट थेट फरशीवर न टेकविता प्लास्टिकच्या चार बोटे उंच पायांवर उभे करावे, पाठ भिंतीपासून थोडी सुटी ठेवावी व सर्व कडांना, न दिसणाऱ्या कडांनाही, पट्टी लावून घ्यावी. हा तक्ता फुगल्यावर रंधा मारून दुरुस्त करता येत नाही; रंध्याखाली आवरण जाते आणि भुसा मोकळा होतो. बिघडलेला भाग बदलणे एवढाच उपाय उरतो. यास्तव सुताराशी ठरवितानाच असे सांगावे की तळाचा व बाजूचा तक्ता सरसाने कायमचा जोडू नये. उघडझाप करता येणाऱ्या धातूच्या सांध्यांनी जोडावा, म्हणजे एक तळ बदलण्यासाठी सबंध कपाट मोडावे लागणार नाही. त्याच तक्त्याचा उरलेला एखादा मोठा तुकडाही कारागिराकडून मागून पलंगाखाली कोरड्या जागी ठेवून द्यावा. पाच वर्षांनी तीच छपाई बाजारात मिळेल याचा भरवसा नसतो.